गाव म्हणालं, पोरगी उजळली

नववीच्या वर्षी मी गोरी झाले, असं गावाचं म्हणणं होतं. त्याआधी मी चांगली सावळी होते आणि कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र मांडवगण फराट्याच्या आमच्या वस्तीतल्या हापशावर बायका आईला थांबवून विचारायला लागल्या, "पोरगी उजळली गं तुजी. काय लावती तोंडाला?"

आई वरवर म्हणायची, "काय लावायचंय, चुलीची राख!" पण घरी आली की माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायची, बघायची आणि खूश व्हायची. मीही खूश होते. हाताची नखं पांढरी, तळवे पांढरे, ओठ पांढरे. मला वाटायचं, मी शहरातल्या मुलींसारखी दिसायला लागले.

मला रक्तक्षय झाला होता. आमच्याकडं त्याला 'अंगात रगात न्हाई' म्हणतात, आणि तेच नाव मला जास्त खरं वाटतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आता मी शिरूरला राहते, माझ्या मुली मोठ्या झाल्या. परवा शेजारच्या बाईंनी आपल्या आठवीतल्या मुलीला माझ्यापुढं उभं करून कौतुकानं सांगितलं, "बघा ना, हिचा रंग किती उघडलाय यंदा." मी आधी त्या मुलीची नखं बघितली. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या मुलींसाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार आहे.

डबा

माझे वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत गँगमन होते. दौंडला असायचे आणि सुट्टीला, रविवारी, गावी यायचे. आई खुरपायला, भांगलायला जायची. घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली पत्र्याच्या पेटीवर अण्णांची पुस्तकं. अण्णा आले की मटणाचा वाटा यायचा, त्यात काळजाचे तुकडे असायचे, आणि आई ते आधी तव्यावर परतून आम्हाला द्यायची. बाकीचे दिवस भाकरी, कालवण, सुकटीची चटणी. पोटाला कधी कमी पडलं असं मी म्हणणार नाही.

शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही सात-आठ मुली व्हरांड्याच्या टोकाला गोल करून बसायचो. वैशाली माझी मैत्रीण. एका बाकावर बसायचो, वेण्या एकमेकींच्या घालायचो. तिच्या घरी सगळे माळकरी. मी डबा उघडला आणि सुकट निघाली की ती काही वाईट बोलायची नाही. "वास येतोय गं," एवढंच म्हणायची आणि थोडी सरकून बसायची. ती सरकली की पलीकडची सरकायची. गोल तोच राहायचा, मी मात्र त्याच्या बाहेर पडलेली असायचे. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या डब्यांत जायचे. माझ्या डब्यात कुणाचा हात येत नसे.

बरं, भाजी-भाकरी आणली तरी येत नसे. म्हणजे वासाचा प्रश्न तसा नव्हताच. हे कळायला मी काही बावळट नव्हते.

मग एका सोमवारी आईनं घरात दुसरं काही नव्हतं म्हणून उकडलेली रताळी दिली. वर्गातल्या निम्म्या मुलींना उपवास. वैशालीनं माझ्या डब्यात वाकून बघितलं, "तूबी सोमवार धरला का?" म्हणाली आणि एक फोड उचलून तोंडात टाकली. मग दुसरीनं, मग तिसरीनं. डबा बघता बघता संपला. माझ्या वाट्याला एकच फोड आली आणि मला इतका आनंद झाला की मी घरी पळत गेले.

तेव्हापासून मी सोमवार धरला. पुढं गुरुवार, मग शनिवार. शिवाय चतुर्थी आणि एकादशी. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णाला कळू देऊ नगं," आणि रात्री साबुदाणा भिजत घातला. शाळेत मी डबा पुढं करायचे, दुसऱ्यांचं चिमूटभर खायचे आणि पाणी पिऊन उठायचे. उरलेल्या दिवशीही मी सुकट, मासळी, मटण बंद केलं. रविवारी आईनं काळीज वाढलं की मी ताट सरकवायचे. अण्णा हसायचे, "शिकलेली झाली आपली पोर."

पैकीच्या पैकी

हळूहळू मी दमायला लागले. हापशाला हात लावला की छाती धडधडायची. निजले की कानात पिठाची गिरणी सुरू व्हायची, तुक तुक तुक, आणि सकाळपर्यंत थांबायची नाही. ओल्या भिंतीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. भिंतीचे पोपडे काढून मी खाल्लेत, पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्यात, कच्चे तांदूळ तर ओंजळीनं खाल्लेत. आई ओरडायची, "लग्नात पाऊस पडंल गं बये!" तिला तेवढाच धोका माहीत होता.

आणखी एक सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. माझी पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. विचारायचं कुणाला? आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही.

याच दिवसांत विज्ञानाच्या बाईंनी आहारावरचा धडा शिकवला. बाई मन लावून शिकवायच्या. फळ्याशेजारी समतोल आहाराचा तक्ता टांगला आणि घटक चाचणीत प्रश्न घातला, लोह कशातून मिळते? मी लिहिलं, 'यकृत, मांस, अंडी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ. लोहाच्या अभावी रक्तक्षय होतो.' पैकीच्या पैकी गुण. बाईंनी माझा पेपर वर्गाला वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत उभं राहायचं होतं, तर मी बाकाला धरून उभी राहिले, कारण डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

पापणी

त्यानंतरच्या रविवारी दारात भांडी घासताना मी कोसळले. अण्णा नशिबानं घरी होते. त्यांनी मला उचललं, शेजारच्याची जीप ठरवली आणि सरळ दौंडला नेलं. वाटेत नदीच्या पुलावर मला थंड वारा लागला तेवढं आठवतं, आणि आईचं "बघ माज्याकडं, बघ माज्याकडं" चाललेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई होत्या. आई त्यांना अजिजीनं सांगत होती, "तशी तब्येत चांगली हाय वं हिची. उलट चार महिन्यात रंग उजळलाय."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. मग आईची ओढली. मग आईला जवळ बोलावून आरशात तिची दाखवली आणि मग माझी. आईची लाल होती. माझी भाकरीच्या पिठासारखी.

"ही उजळलेली नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पांढरी पडलीय."

आई खाली बसली.

रक्त तपासून आलं. हिमोग्लोबिन बारा हवं होतं, ते चारच्याही खाली होतं. हृदय दमलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांनी विचारलं, "म्हंजी, जिवाला…?" डॉक्टरांनी त्यांना खोटा धीर दिला नाही. "उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. अजूनही दोन दिवस नीट जाऊ देत," म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळून, "दिवसभरात काय खातेस?"

"सगळं खाती," आई म्हणाली.

"तुम्ही नाही, तिला सांगू दे."

मी सांगितलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास असतो. चतुर्थीला असतो. एकादशीला असतो.

अण्णा मधेच म्हणाले, "बाई, कायतरी चुकतंय. आमी बौद्ध हाओत. आमच्यात उपास नसतेत."

"मुलगी सांगतेय ना," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी मला पाळीबद्दल विचारलं. अण्णा आपण होऊन बाहेर गेले.

बाटली

रक्त पुण्याहून आणायचं होतं. अण्णा रेल्वेचा माणूस, त्यांनी पॅसेंजर धरली, तिथं स्वतःचं रक्त दिलं आणि बर्फाच्या डब्यात माझ्यासाठी रक्ताची बाटली घेऊन परत आले. सिस्टरनं ती टांगली आणि थेंब मोजून सावकाश सोडली, कारण माझ्या हृदयाला घाई चालणार नव्हती. आई त्या बाटलीकडं एकटक बघत होती. शेवटी तिच्यानं राहवेना. "कुणाचं हाय वं हे?"

सिस्टर म्हणाली, "बी पॉझिटिव्हचं."

आईनं मान डोलावली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आडनाव आपल्याकडचं वाटत न्हाई."

मला हसू आलं आणि हसताना धाप लागली. त्या वॉर्डात मी तेवढंच हसले. बाकी वेळ मला भीती वाटायची. डोळे मिटले की कानातली गिरणी ऐकू यायची, आणि ती थांबली तर काय, असं वाटायचं. सकाळी फिनेलचा वास, मग सिस्टरची सुई, मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं विव्हळणं. ती म्हातारी आपल्या डब्यातलं पहिलं पातळ भाताचं वाडगं मला पाठवायची. नाव-गाव विचारलं नाही तिनं. ती कोण, कुठली, मलाही माहीत नाही.

खिडकीपलीकडच्या व्हरांड्यात आई-अण्णांचं बोलणं झालं. हळू बोलत होते, पण मला सगळं ऐकू आलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् तू साबुदाणा भिजवत बसलीस?"

"पोरगी हसत घरी यायची वं," आई रडत म्हणाली. "तुमी आठवड्याला येता. मी रोज बघत हुते. ज्या दिशी डबा रिकामा आला ना, त्या दिशी कुणी कुणी खाल्लं ते नावं घिऊन सांगत हुती. मी कसं मोडू तिचं?"

 अण्णा आत आले, माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि आपल्या गुडघ्यांवर हात चोळत राहिले.

"डब्यात हात घालत नव्हत्या?"

"नव्हत्या."

"माज्या टायमाला येगळंच बसवायचे," ते म्हणाले. "मला वाटलं, सरलं आता ते."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुज्या आज्यानं लई उपास काढलेत, पोरी. तिथी-वार बघून न्हाई. घरात दाणा नसायचा. तू दाणा असून काढलेस, ह्येच मला सोसंना झालंय."

अण्णा मला कधी रागावले नव्हते, तेव्हाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी भिंतीकडं तोंड केलं.

यकृत म्हणजे काय

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "बाटलीतलं रक्त उसनं आहे. आता तुझं तू करायचंस. नाही केलंस तर परत इथं येशील, आणि पुढच्या वेळी हृदय किती साथ देईल ते मी सांगू शकत नाही." गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चहा बंद. लिंबू पिळून खायचं. पालेभाजी, हरभरे, गूळ. "आणि तुम्ही खात असाल तर यकृत."

मला पाठच होतं ते. मी म्हणून दाखवलं, "यकृत, मांस, अंडी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ." डॉक्टर चकित झाल्या. "अगं, तुला तर सगळं येतंय!"

आईनं पिशवी सावरत विचारलं, "यकृत म्हंजी कंची भाजी वं बाई? दौंडच्या बाजारात घावंल का?"

डॉक्टर हसल्या. "भाजी नाही हो. काळीज. बोकडाचं काळीज."

"काळीज?" आई बघतच राहिली. "आवं, ते तर दर रईवारी शिजतंय घरात! हीच ताट सरकावती."

सिस्टर हसली, अण्णाही कसनुसं हसले. मला हसू आलं नाही. पचनसंस्थेच्या आकृतीत मी यकृताला बाण काढून नाव दिलं होतं. चाचणीत लिहून गुण घेतले होते. आणि तेच यकृत रविवारी माझ्या ताटात येत होतं, तेव्हा मी त्याला ओळखलं नव्हतं. मला वाटायचं, पुस्तकातलं अन्न म्हणजे कुठंतरी पुण्या-मुंबईत मिळत असणार. आमच्या चुलीवरचं काही पुस्तकात असेल, असं माझ्या मनात कधी आलंच नाही. आमच्या घरात शिजतं ते लपवायचं असतं, एवढंच मी शाळेत न शिकवता शिकले होते.

घरी आल्यावर पहिल्यांदा काळीज खाल्लं तेव्हा ओकले. आईनं तोंड पुसलं, थांबली आणि दुसरा तुकडा भाकरीत दुमडून दिला. तो राहिला. गोळ्यांनी शौचाला काळं व्हायला लागलं तर आई घाबरून डॉक्टरांकडं परत निघाली होती. तसं होतंच, घाबरू नका.

बुधवार

वैशाली मला भेटायला घरी आली. चिकू घेऊन आली होती. खाटेवर माझ्याजवळ बसली, माझी वेणी सोडून पुन्हा घातली, शाळेतलं सगळं सांगितलं. माझ्या हातावरचे सुईचे डाग बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. आईनं तिच्यासाठी चहा केला, ठेवणीतली कपबशी काढली.

"नगं काकू," वैशाली म्हणाली, "माजा उपास हाय."

त्या दिवशी बुधवार होता. आणि उपासाला चहा चालतो, हे मला तिनंच शिकवलं होतं.

आईनं कपबशी परत नेली. नंतर चुलीपुढं बसून तिनं तो चहा स्वतः पिऊन टाकला.

मधली सुट्टी

मी शाळेत गेले तेव्हा बाईंनी मला पुढं बोलावलं. "डॉक्टरांनी काय खायला सांगितलंय ते सगळ्यांना सांग."

"काळीज," मी म्हणाले.

"पुस्तकातला शब्द सांग."

"यकृत. पण बाई, यकृत म्हटलं की कुणाला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. ते बोकडाचं काळीज असतं. आमच्या घरी रविवारी असतं."

मागून कुणीतरी हसलं.  बाई फळ्याकडं वळल्या आणि तक्त्यातल्या यकृत या शब्दाच्या रेषेत फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं, 'म्हणजे काळीज'. त्यांच्या उपकाराचं माझ्यावर फार मोठं ओझं आहे. त्यांना ते माहीतही नसेल.

मधली सुट्टी झाली. व्हरांड्याच्या टोकाला गोल बसला. माझ्यासाठी जागा ठेवली होती. वैशालीनंच ठेवली होती. मी बसले आणि डबा हातात धरून राहिले. आत भाकरी होती आणि रविवारचं राखून ठेवलेलं, सुकं परतलेलं काळीज. उघडला नाही तरी चालण्यासारखं होतं. पाणी पिऊन उठले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि मी गोलात राहिले असते. तसं करावं असं मला फार वाटलं. दवाखान्यात मरणाची भीती वाटली होती, पण त्या क्षणी वाटलेली भीती काही कमी नव्हती.

मी डबा उघडला.

वैशाली सरकली. मग पलीकडची सरकली. मी मान खाली घालून घास घेतला. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं आणि मी ती तशीच खात होते. शेवटचा तुकडा संपेपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. कुणी जवळ सरकलं नाही. दहावी संपेपर्यंत मी त्या व्हरांड्यात एकटीनं जेवले. पण जेवले. गालावरचा तो पांढरेपणा गेला, माझा सावळा रंग परत आला, तेव्हा हापशावरच्या बायका हळहळल्या. कानातली गिरणी बंद झाली. हापसा मारताना मी थांबेनाशी झाले.

वैशाली पुढंही माझी मैत्रीण राहिली. वह्या द्यायची, माझ्या वेण्या घालायची, लग्नाला बोलावलं. माझ्या डब्यात तिनं पुन्हा हात घातला नाही. मला तिचा राग नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. आजही आहे. तेव्हा तो राग मी पोटावर काढत होते. उपवास धरणं मी सोडलं, राग तेवढा धरला. आणि मुलींनो, राग भरल्या पोटीसुद्धा धरता येतो.